नर्स म्हणजे नक्की काय करते, हे चार ओळींत कसं सांगता तुम्ही?

रात्रपाळी_डिचोली

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलातून निरोप आलाय. नववी-दहावीच्या मुलांना निरनिराळ्या नोकऱ्यांची ओळख करून द्यायची आहे. बँकेतले एक साहेब, खाणीवर काम केलेले एक इंजिनियर आणि नर्स म्हणून मी. त्याआधी "आपल्या कामाचं स्वरूप" चार ओळींत लिहून पाठवा, असं म्हणाले. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या धाकट्या बहिणीला शिकवलंय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

पहिली ओळ लिहिली: "डॉक्टरांच्या सूचनेनुसार रुग्णांची सेवा करणे." लिहिली आणि माझा मलाच राग आला. खोटं काही नाही त्यात. पण चौदा वर्षं ड्युटी केली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक (त्यापुढची पदवी) केलं, आणि शेवटी काय, तर दुसऱ्याच्या सूचनेनुसार. वर आणखी सेवा. सेवा देवळात करतात हो. मला पगार मिळतो.

मग यादी केली. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, कॅथेटर, रायल्स ट्यूब, चार्टिंग, फार्मसीचा इंडेंट, लिननचा हिशेब, क्रॅश कार्टमधल्या औषधांच्या तारखा बघणं. नवऱ्याने वाचली आणि म्हणाला, "ह्यातलं अर्धं काम स्टोअरकीपरचं वाटतंय." तोही चुकला नाही.

आमच्याकडे चवथीला सगळं घर जमतं. ह्या वर्षी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधता बांधता दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, तुम्ही म्हणजे डॉक्टर सांगतो ते करायचं, एवढंच ना?" हातात सुपाऱ्यांचा घोस होता म्हणून नुसतं हूं म्हटलं. उत्तर तेव्हाही नव्हतं, अजून नाही.

एक गोष्ट सांगते. ती ह्या चार ओळींत कुठे बसवायची ते कळत नाही म्हणून.

नोकरीचं दुसरं वर्ष, एक खासगी रुग्णालय. कुठलं ते राहू दे. सर्जिकल वॉर्ड, रात्री आम्ही दोघी आणि एकतीस पेशंट. त्यांत एक आजोबा, आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. अडीच वाजता मी त्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वासाची नोंद) केलं. ताप ९९.४, नाडी १०४, बीपी ११०/७०, श्वास २०. ह्यांतला श्वास मी मोजला नव्हता. कोणीच मोजत नसे. त्या वॉर्डातल्या एकतीसही चार्टांवर श्वास २० लिहिलेला असायचा, जसे सगळे मिळून एका तालावर श्वास घेत होते. आजोबा चादरीचा काठ चिमटीत धरत होते, सोडत होते, परत धरत होते. मला ते दिसलं. "झोप येत नाही का आजोबा?" असं विचारलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पाच वाजता सीनियर सिस्टर सहज फेरी मारायला आल्या. आजोबांजवळ थांबल्या, पांघरुणावर हात ठेवला, घड्याळाकडे बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. मग हळूच मला म्हणाल्या, "बत्तीस आहेत गो." त्यानंतर धावपळ, डॉक्टर, आयसीयू. आत जोडलेलं आतडं गळत होतं. दुसरं ऑपरेशन झालं, तीन आठवडे राहिले, चालत घरी गेले. पण अडीच वाजताच्या रकान्यात माझ्या सहीशेजारी २० आहे. तो कागद कुठल्यातरी रेकॉर्ड रूममध्ये अजून असेल.

आता गंमत बघा. त्या रात्री मी सगळी इंजेक्शनं वेळेवर दिली होती. डॉक्टरांनी लिहिलेली एकही गोष्ट चुकवली नव्हती. सूचनेनुसार सेवा अगदी पूर्ण झाली होती.

मग माझं काम नेमकं कुठलं होतं? आणि ते मुलांना कसं सांगू?

जाता जाता दुसरा प्रश्न. शेजारच्या काकी दर थोड्या दिवसांनी फार्मसीतून काहीतरी आणतात आणि "जरा टोचून दे गो" म्हणत दारात उभ्या राहतात. तुम्ही देता का? आपली हद्द घरी कुठपर्यंत?

---

उंडो_आणि_भाजी

मी नर्स नाही, पण मुलीच्या डेंग्यूत पाच दिवस वॉर्डात काढलेत. चार ओळी कशाला, एकच पाठवा: "डॉक्टर दोन मिनिटं येतो, बाकीचे तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं जी असते ती नर्स."

---

निवृत्त_मेट्रन

बाय, तुझं वाचून मला माझ्या पहिल्या वॉर्डाचा वास आला. मी शिकले ती पणजीच्या जुन्या मेडिकल कॉलेजात, बांबोळीला हलण्याच्या कितीतरी आधी. आता तिथे इफ्फीचे (फिल्म फेस्टिव्हलचे) लोक गळ्यात पास घालून फिरतात. आमचा स्टरिलायझर असायचा त्या बाजूने गेले की मला अजून उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा ऐकू येतात. सुया दगडावर घासून धार लावायचो, कापसाच्या बोळ्यावरून फिरवून टोक वळलंय का बघायचो. त्या वेळी आमचं काम काय ते सांगणं सोपं होतं, कारण ते दिसायचं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू विचारतेस माझं काम कुठलं होतं. चादर चिमटीत धरणारा हात तुला दिसला, ते तुझं काम होतं. तुझी नजर चांगली होती. फक्त दिसलेल्या गोष्टीपाशी तू थांबली नाहीस. श्वास मोजायला औषध लागत नाही, डॉक्टरची परवानगी लागत नाही, मशीन लागत नाही. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचा मिनिटाला बारा ते वीस. बीपी टिकून असताना तो वाढला म्हणजे शरीर आतून जोर लावतंय. बीपी घसरेपर्यंत वाट बघितली की उशीर झाला. हे ठरवायचं नर्सनेच, कारण अडीच वाजता तिथे दुसरं कोणी नसतं. निदान करणं आपलं नाही. आतडं गळतंय हे तुला कळायची गरज नव्हती. "हा माणूस संध्याकाळी होता तसा नाही", एवढं कळायला हवं होतं, आणि ते आकड्यात बोलून डॉक्टरला खाटेपर्यंत आणायचं होतं. "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं तर निवासी डॉक्टर कूस बदलून झोपतो. "श्वास बत्तीस, नाडी एकशे चार, तिसरा दिवस, बेचैन आहेत, तुम्ही येऊन बघा" म्हटलं की उठतो. नाही उठला तर वेळ लिहून ठेवायची आणि त्याच्या वरच्याला फोन लावायचा. मी लावलेत. शिव्याही खाल्ल्यात.

दुसऱ्या बाजूची हद्दही सांगते. एकदा रात्री एका तरुण डॉक्टरने फोनवर सांगितलं, पोटॅशियम कमी आलंय, केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) अर्धं अँप्युल सरळ शिरेतून दे. मी म्हटलं, "सलाईनमध्ये घालून हळूहळू द्यायचं असेल तर किती, किती वेळात ते सांगा. मी लिहून घेते, परत वाचून दाखवते, सकाळी सही करा. सरळ शिरेतून मी देणार नाही." केसीएल सरळ दिलं तर हृदय थांबतं. तो चिडला, मग गप्प झाला, मग त्याने बरोबर मात्रा सांगितली. पुढे मोठा सर्जन झाला तो, भेटला की पाया पडतो. तेव्हा तुझ्या दिरांना सांग, डॉक्टर सांगतो ते करायचं हे निम्मं झालं. सांगितलेलं करू नये कधी, हेही आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि दिलेल्या इंजेक्शनाखाली सही आपली असते.

कायद्याच्या पुस्तकात शोधायला जाशील तर फार हाती लागणार नाही. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा मुख्यतः देशभर शिक्षणाचा दर्जा एक असावा म्हणून केला. २०२३ मध्ये त्याच्या जागी नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा आणला. केंद्राच्या रुग्णालयांत २०१६ पासून स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर म्हणतात. नाव छान आहे. पण ऑफिसर म्हटल्याने एकतीस खाटांना दोघीच पुरतात असं काही होत नाही. कौन्सिलचंच प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांना एक नर्स, साध्याला पाचांना एक. त्या रात्री तुमच्या वॉर्डात निदान सहा जणी हव्या होत्या. हे मी तुझी चूक झाकायला लिहीत नाही. चूक तुझी होतीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

काकींचं: आधी चिठ्ठी मागायची. चिठ्ठीवर नाव, तारीख, मात्रा. चिठ्ठी नाही तर इंजेक्शन नाही, मग काकी चार दिवस बोलल्या नाहीत तरी चालेल. कुठल्याही औषधाचा पहिला डोस घरी द्यायचा नाही. अँटिबायोटिक नाही, लोहाचं तर मुळीच नाही. बी-१२ चा कोर्स चालू असेल आणि आधीचे डोस दवाखान्यात झाले असतील तर मी देत असे. एकदा नाही म्हटलेलं ऐकायची सवय आळीला लागली की त्रास कमी होतो.

---

ब्रदर_डायलिसिस

मॅडमनी सगळं लिहिलंच आहे. माझं थोडंसं.

मी पुरुष असल्याने मला बाहेर "डॉक्टर" म्हणतात आणि माझ्याहून दहा वर्षं सीनियर असलेल्या बाईंना "ए सिस्टर". दर वेळी दुरुस्त करतो. अर्धे लोक त्यावर "मग कंपाउंडर का?" असं विचारतात.

माझ्या डायलिसिस युनिटमध्ये माणूस आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, चार तास खुर्चीत बसतो. आला की आधी वजन, मग मी त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर) तळवा ठेवतो. त्वचेखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती नसेल तर सुई घालायची नाही, तिथेच थांबून डॉक्टरना फोन. आमचे एक पेशंट, शिरोड्याचे, तिसऱ्या तासाला नेहमी बोलायचे थांबतात. बीपी पडायच्या पाच-सात मिनिटं आधी. मशीन काही म्हणत नसतं. मी पाणी काढणं बंद करतो, पाय वर घेतो, ठरलेल्या प्रमाणात सलाईन सोडतो, मग बीपी मोजतो. हे सगळं आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी आधी लिहून सही करून ठेवलंय, त्यामुळे दर वेळी विचारावं लागत नाही. पण ते कागदावरचं कधी वापरायचं, ते कागदावर नाही. शिरोडेकर गप्प झाले की वापरायचं, हे कोण लिहिणार?

मुलांना मांजराची गुरगुर सांग. मुलगे नर्सिंगला येत नाहीत ते येतील.

---

सत्तरी_उपकेंद्र

मी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), त्यामुळे वॉर्डवाल्या ताईंसमोर बोलायला जरा बिचकते. आम्हाला लोक "नर्सबाय" म्हणतात पण हॉस्पिटलातली नर्स आम्हाला नर्स धरत नाही, असा अनुभव आहे. असो.

पूर्वी एएनएम म्हणजे बाळंतपण. आता गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात. तरी ट्रेनिंगमध्ये अजून घोकून घेतात, गरोदर बाईला झटके आले तर मॅगसल्फचा (झटके थांबवायच्या इंजेक्शनाचा) पहिला डोस द्यायचा आणि १०८ ने वर पाठवायचं. पहिलाच. दुसरा माझा नाही. आमच्या कामाची हद्द अशी आखलेली असते, एका डोसापर्यंत.

लसीकरणाच्या दिवशी माझ्या पेटीत ॲनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीसाठीचा) डबा असतो. ॲड्रेनलिन, सिरिंज आणि झाकणावर वयाप्रमाणे मात्रेचा तक्ता. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवते ते ह्यासाठी. आया कंटाळतात, एसटी जाईल म्हणतात. मी म्हणते एसटी जाऊ दे. बाळाला रिॲक्शन आली तर डॉक्टर सोळा किलोमीटरवर, मध्ये घाट. तेव्हा एक डोस मी द्यायचा, स्वतः ठरवून. आजवर एकदाही वापरला नाही, पण दर बैठकीआधी तारीख बघते आणि तक्ता एकदा वाचते.

आणि माकडताप, गोचिडी चावून येतो तो. २०१५ पासून आमच्या भागात काजूच्या हंगामात तो धाक आहेच. मागे एका घरी गेले, बापई दोन दिवस तापाने पडलेला, काजूत बोंडू वेचून आलेला, कंबर धरलीय म्हणत होता. बायको म्हणाली, "माकडतापच न्हय गो?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पॅरासिटामॉल दिली, दुकानातून दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी आणून घ्यायची नाही असं दोनदा बजावलं, रक्ताला आरोग्य केंद्रात त्याच दिवशी पाठवलं, आणि गाडी येईपर्यंत तिथेच बसले. तापाला नाव ठेवणं माझं काम नाही. वेळेत पाठवणं माझं. आणि तोपर्यंत चुकीची गोळी पोटात जाऊ न देणं.

तुमच्या यादीत "बसून राहणे" हे नाहीये ताई. ते घाला.

---

म्हार्दोळकर

सगळं कौतुक वाचलं. माझी आई गेल्या वर्षी एका रुग्णालयात अकरा दिवस होती. बेडपॅनसाठी घंटा वाजवली की सिस्टर म्हणायची "मावशीला सांगा", मावशी म्हणायची "येते". अकराव्या दिवशी आईच्या माकडहाडावर जखम. त्याचं काय? ते कोणाच्या कामात बसतं?

---

निवृत्त_मेट्रन

भाऊ, ते नर्सच्याच कामात बसतं. बेडपॅन मावशीने दिलं तर हरकत नाही, पण पाठ नर्सनेच बघायची. कूस दर दोन तासांनी बदलली का, चादर ओली आहे का, माकडहाडावर लाली आली आणि दाबून सोडली तर ती जाते का. दाबूनही लाली गेली नाही म्हणजे जखम सुरू झाली. काम दुसऱ्याला सांगता येतं, जबाबदारी सांगून टाकता येत नाही, हे मी दर बॅचला घसा फोडून सांगितलंय. तुमच्या आईंच्या बाबतीत कोणी बघितलं नाही, हे सरळ चुकलं. आता जखम भरली का?

---

म्हार्दोळकर

भरली. घरी. बायकोने केलं सगळं ड्रेसिंग, पीएचसीतली सिस्टर येऊन शिकवून गेली. आठवड्यातून दोनदा यायची, स्कूटरवर. तिचं नाव इथे घालत नाही, पण ती ह्या सगळ्यांत मोडत नाही एवढं लिहून ठेवतो.

---

रात्रपाळी_डिचोली

सगळ्यांचे आभार. म्हार्दोळकर भाऊ, तुमचंही. तुमची पोस्ट वाचून मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आधी पाठी बघितल्या, खरं सांगते.

चार ओळी पाठवल्या नाहीत. बाईंना फोन करून म्हटलं, लिहायला जमत नाही, करून दाखवते. मेट्रन मॅडम, तुम्ही लिहिलेलं "श्वास मोजायला मशीन लागत नाही" तेवढं उचललं.

काल जाऊन आले. बँकेतल्या साहेबांनी स्लाइड्स दाखवल्या. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची सुट्टी जवळ आलेली, मुलं चुळबुळत होती. मी जोड्या लावल्या, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, म्हटलं एकमेकांचे श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. वर्ग एकदम गप्प. मग आकडे विचारले. अकरा, चौदा, नऊ, एकाचे सव्वीस. सव्वीसवाला हसायचं दाबून बसला होता. नऊवाली श्वास रोखून. म्हटलं बघा, मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मग खऱ्या पेशंटचे कसे मोजायचे?

कोणालाच सांगता येईना. एका मुलाला पुढे बोलावलं, त्याचं मनगट धरलं, म्हटलं नाडी बघते, आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. मिनिट झालं. "अठरा," म्हटलं. मुलं गोंधळली, नाडी अठरा कशी? शेवटच्या बाकावरची एक मुलगी, केस तेल लावून घट्ट बांधलेले, हात वर न करताच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही हात धरला होता, पण बघत होता त्याच्या शर्टच्या बटणाकडे."

तिला मी नाव विचारलं. खाणीवाले साहेब म्हणाले, ही घ्या तुमची.

नंतर स्टाफरूममध्ये चहा दिला आणि मुख्याध्यापिकांनी हळूच विचारलं, बीपीचं मशीन आणलंयस का. आणलं होतं. बारा शिक्षकांचं बीपी मोजून घरी आले. पीटीच्या सरांचं १६४/१०२ निघालं. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, तेवढंच. गोळी सांगा म्हणाले, सांगितली नाही. आज आरोग्य केंद्रात जातो म्हणालेत, संध्याकाळी फोन करून विचारणार आहे.